बाजेखालची शेगडी

डोणगाव,
मार्गशीर्ष वद्य १४, शके १८५०

झुंबरबाई,

न वरून म्हणता देवाची मर्जी. तेरवीच्या पंगतीत, हातात भाताचं ताट धरून, चार बायांसमोर तुम्ही म्हणाल्या, देवाची मर्जी. मग शेगडी देवाने पेटवली का? बाहेरून कडी देवाने लावली का? तिथे मी तोंड उघडलं नाही, कारण पानं वाढलेली होती न माह्या पोरीच्या नावाचा घास होता. आता मी माह्या घरी आहे. आता ऐका.

माही रुख्मिणी एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण. सहा दिवसांची बाळंतीण. तुमच्या घरात रात्री खारीक-खोबरं खाऊन निजली न सकाळी उठली नाही. गाल एवढे लाल होते की तुम्ही दोनदा हाक मारून परत फिरल्या, झोपू द्या म्हणून. हे तुमच्याच तोंडचं आहे, माह्या पदरचं काही नाही.

मी सातव्या महिन्यातच निरोप धाडला होता, पोरीले इकडे पाठवा. पहिलं बाळंतपण मायच्या घरी असते, हे तुमाले काय मी सांगायचं? तुम्ही म्हटलं, यंदा थंडी जबर आहे, गाडी, मग स्टेशन, मग मोटार, पोरीले गारठा बाधेल. बरं झालं. थंडीपासून वाचवली तुम्ही तिले.

लेकरू वाचलं. ते कसं वाचलं तेही मले समजलं. तुमच्या शेजारणीने सांगितलं की त्या रात्री तुम्ही लेकराले खोलीतून उचलून आणलं न चुलीजवळ घेऊन निजल्या. नातू उचलला, सून राहू दिली, न कडी घातली. मी अडाणी बाई आहे, दोन यत्ता शिकलेली. पण एवढा हिशेब मलेही येते.

येताना माही गोधडी तेवढी घेऊन आली. रुख्मीसाठी माह्या दोन जुन्या लुगड्यांची शिवली होती. तिचा एक धागा तुमच्या घरात राहू द्यायचा नव्हता.

आता पुष्पीचं. आपण साटंलोटं केलं. एकाच मांडवात माही रुख्मी तुमच्या पंजाबरावाले दिली न तुमची पुष्पी माह्या भगवंताले केली. देताना तुम्हीच म्हणाल्या होत्या की आपल्या लेकी एकमेकींच्या घरात, म्हणजे कोणी कोणाच्या लेकीले त्रास देणार नाही. तेरवीचं खरकटं निघायच्या आत तुम्ही मले बाजूले घेऊन म्हणाल्या, पुष्पीले आठवा सरत आला, तिले बाळंतपणाले माह्याकडे पाठवा. जीभ कशी वळली तुमची?

नाही पाठवत. थंडीचे दिवस आहेत. गाडी, मग मोटार, मग स्टेशन. पोरीले गारठा बाधेल.

तिच्यासाठी मी मागची खोली सारवून ठेवली. बाज टाकली. बाजेखाली शेगडी ठेवली. तुमच्याकडे जशी होती तशीच.

गोजरबाई


संग्रामपूर,
पौष शुद्ध ३, शके १८५०

गं. भा. विहीणबाई गोजरबाई यांस वामनराव यांचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोचले. वाचून घरात कोणी जेवले नाही. झालेली गोष्ट फार वाईट झाली. आमच्या घरची लक्ष्मी गेली. चि. पंजाबराव शेतात जात नाही. आमच्या मंडळींनी तर अंथरूण धरले आहे. त्या रात्री जाणूनबुजून कोणी काही केले नाही, हे मी आपणास शपथेवर लिहितो. तालुक्याच्या दवाखान्यात विचारले असता, बाळंतिणीस असा झटका येतो म्हणाले.

लेकरू बरे आहे. शेजारचे जहांगीर पिंजारी यांची सून जमीला हिचे लेकरू अंगावर आहे, ती आपल्या लेकरासोबत यालाही पाजते. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

आपण रागात आहात आणि तो राग वाजवी आहे. पण चि. सौ. पुष्पाबाई हिने काही केलेले नाही. तिला पाठवावे, मी स्वतः न्यायला येतो. नपेक्षा तिच्या आईला तिकडे येऊ द्यावे. यंदा संक्रांत आम्ही केली नाही. आपणही केली नसेल.

आपला,
वामनराव


डोणगाव,
पौष शुद्ध ७

झुंबरबाई,

व्याह्यांचं अक्षर सुंदर आहे. मोत्यावानी. पण मले त्यांच्याशी बोलायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, तर तिथे काय झालं हे पुरुषाने काऊन लिहावं? तुम्ही लिहा. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवा, पण नवऱ्याकडून नाही. नवरा आपल्या बायकोचं वाईट कसं लिहील?

झटका म्हणे. मी तुमच्या अंगणात राख पाह्यली आहे. उकिरड्यावर शेगडी पालथी केली होती, तिच्यात गोवरीची राख नव्हती. काळे खडे होते. कोळसा. बाळंतिणीच्या बाजेखाली आपण गोवरी ठेवतो, माह्या सासूने ठेवली, तिच्या सासूने ठेवली. तुमच्याकडे कोळसा कुठून आला?

इथल्या उकंडा लोहाराले मी इच्यारलं, कोळशाने माणूस मरते का? त्याने भाता थांबवला. म्हणे, "काकू, धूर असला की माणूस खोकलते, डोळे चोळते, शिव्या देत दार उघडते. तो धूरच वाचवते. कोळशाले धूर नाही. तो गुपचूप खोलीतली हवा खाऊन टाकते न माणसाले झोप लागते. म्हणून तर आमची भट्टी उघड्या छपराखाली. माह्या बापाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं, विस्तवासोबत दार लावून निजायचं नाही."

एवढं एका लोहाराले समजते. तुमाले समजत नव्हतं?

मी तीन गोष्टी इच्यारते. एक, कोळसा कोणी आणला. दोन, लेकरू काऊन उचललं. तीन, सहा जणी बाया घरात असताना तिच्याजवळ कोणी काऊन नव्हतं. चौथं काही मी इच्यारत नाही.

न हे ऐकून ठेवा. मेहकरच्या बाजारातून मी कोळशाचं एक पोतं आणलं. भगवंता म्हणे, "माय, कोळसा काऊन? आपल्याकडे गोवऱ्यांचा उडवा रचून ठेवला आहे." मी म्हटलं, तुह्या सासरची रीत आहे, ती आपल्याकडेही पाळायची. पोतं पुष्पीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. ती येता-जाता त्याच्याकडे पाहते. तुमचीच लेक आहे, बोलायच्या वेळी गप बसते.

थंडी इकडेही वाढली. परवा सकाळी दावणीजवळच्या दगडी डोणीत पाण्यावर काच धरली होती, बैलाने तोंड घातलं न दचकून मागे सरला. हरभऱ्याचे घाटे काळे पडले. धनगराच्या सात मेंढ्या एका रात्रीत आखडून गेल्या. पुष्पीचे दिवस पौषाच्या शेवटी भरतात. तेव्हा गारठा अजून असेल. मी घाई करत नाही.

तुमाले इकडे येऊ देणार नाही. माह्या पोरीजवळ मी नव्हती. तुमच्या पोरीजवळ तुम्ही राहायचं नाही. साटंलोटं आहे.

गोजरबाई


संग्रामपूर,
पौष शुद्ध १३

विहीणबाई गोजरबाईले झुंबरबाईचा पाया पडून नमस्कार.

लिहिणार जहांगीर पिंजारी. बाई बोलतील तेच लिहीन, वरचा शब्द घालणार नाही न खालचा गाळणार नाही, अशी बाईंनी मले माह्या कापूस पिंजायच्या धनुकलीची शपथ घातली आहे. तेव्हा चूकभूल असेल ती अक्षराची, बोलण्याची नाही.

विहीणबाई, तुम्ही इच्यारलं ते सांगते. मालक शेतात गेले आहेत. त्यांना हे सगळं माहीत नाही.

कोळसा पंजाबरावाने आणला. पाचवीच्या दोन दिवस आधी आभाळ आलं न बुरबुर पाऊस झाला. उडव्यावरचं गवत उडालं न गोवऱ्या भिजल्या. खोलीत एवढा धूर व्हायचा की लेकराचे डोळे चिकटून गेले. डोंगरातून कोळशाची पोती विकाले येतात, त्यातलं एक त्याने घेतलं. मले म्हणे, "आई, पाहा, धुराचं नाव नाही." मले बरं वाटलं, विहीणबाई. खोटं काऊन सांगू. मी रुख्मीले म्हटलं, आता तुह्या डोळ्यातून पाणी नाही येणार. ती हसली.

पाचवीच्या रात्री आम्ही साऱ्या जागलो. सटवाई कपाळ लिहाले येते म्हणून दिवा विझू दिला नाही, गाणी म्हटली. बाया येत-जात होत्या, दार सारखं उघडत होतं. शेगडी तीच होती, कोळसा तोच होता. काही झालं नाही. म्हणून मले वाटलं, काही होत नाही.

सहाव्या रात्री साऱ्या मेल्यावानी पडल्या. तुम्ही म्हणता सहा जणी होत्या, हाव, होत्या. साऱ्या झोपल्या होत्या. दाराच्या फळ्या ढिल्या आहेत, वाऱ्याने दार उघडत होतं, म्हणून मी बाहेरून कडी घातली न फटीत चिंध्या कोंबल्या. उत्तरेकडून डोंगरावरचा वारा असा येत होता की अंगणातल्या कुत्र्याने चुलीच्या राखेत घर केलं होतं.

लेकरू मी उचललं नाही. रुख्मीने दिलं. हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. कडी घालायच्या आधी मी आत गेली, तर लेकरू रडून राह्यलं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, माहं डोकं फुटून राह्यलं. मळमळते. याले घ्या जराशीक." मी म्हटलं, जागरणाने दुखत असेल, नीज, सकाळी उतरते. तिने स्वतः लेकरू माह्या हातात दिलं. मी तिच्या कपाळाले सुंठ उगाळून लावली न बाहेर आली. सुंठ लावली, विहीणबाई, न दार लावलं. डोकं काऊन दुखते हे मले समजलं नाही. आता रोज समजते.

तीन गोष्टींची तीन उत्तरं झाली. चौथं तुम्ही इच्यारलं नाही. मीही सांगणार नव्हती. मालकांना सांगितलं नाही, पंजाबरावाले नाही, तेरवीच्या दिवशी बाया काही काही बोलत होत्या तेव्हाही नाही. मले वाटलं, मेलेल्या लेकीच्या मायवर एवढं ओझं कोणी टाकू नये.

पण तुम्ही पोतं आणलं. पुष्पी माही एकुलती लेक आहे. म्हणून सोबत ही चिठ्ठी पाठवते. भगवंतराव गोधडी घेऊन आले होते तेव्हा गोधडीच्या घडीत होती. जहांगीरमियांनीच तेव्हा मले वाचून दाखवली होती. मी त्यात लिहिलं तसंच केलं. खोलीच्या धाब्यावर, छतात, सानं आहे, धूर जायचं भोक, ते...

बाई इथे थांबल्या. मी आपल्या मनाने काही लिहीत नाही. दस्तूर, जहांगीर.


(सोबतची चिठ्ठी)

डोणगाव,
कार्तिक वद्य १२

झुंबरबाई,

पोरीले पाठवत नाही तर नका पाठवू. पण ऐका. रुख्मीले लहानपणापासून गारठा सोसत नाही. तीन वर्षांची असताना छाती भरली होती, वाचली ती माह्या नशिबाने. तुमच्या घरात वारा फार आहे, मी लग्नातच पाह्यलं. बाळंतिणीची खोली गच्च ठेवा. सुईएवढं भोक राहू देऊ नका. धाब्याचं सानं आधी बुजवा, सारा गारठा तिथूनच उतरतो. चिंध्या कोंबून भागत नाही. ही गोधडी जाड आहे, दोन लुगडी न आत कापूस, ही चौघडी करून सान्यावर टाका न वर दगड ठेवा. तिच्या अंगावर टाकाले दुसरी देते, ही सान्यालेच वापरा. आळस करू नका. मी येईन तेव्हा धाब्यावर चढून पाहीन.

गोजरबाई


डोणगाव,
पौष वद्य ३

झुंबरबाई,

चिठ्ठी पोचली. वाचायची गरज नव्हती, पाठ होती.

तुमच्या घरी आली त्या दिवशी साऱ्या बाया अंगणात माह्या गळ्यात पडून रडत होत्या. मी त्यांना बाजूले सारलं न म्हटलं, मले तोंड धुवाले जाऊ द्या. शिडीने धाब्यावर चढली. सान्यावर गोधडी होती. चौघडी केलेली. वर दगड होता, न चांगला मोठा दगड होता. तुम्ही आळस केला नव्हता. मी दगड काढला, गोधडी काखेत घेतली न खाली आली. मग रडली. कोणी इच्यारलं नाही की वर काऊन गेली होती. गोधडीले खालून करपट वास येत होता. तोच वास अजून आहे, इथे खुंटीवर टांगली आहे.

म्हणून मी चौथं इच्यारलं नाही. तुमाले माहीत होतं न तुम्ही तेरवीतही गप राह्यल्या. मले कोळशाचा राग आहे, कडीचा आहे, तुमच्या सुंठीचा आहे. पण साऱ्यात जास्त याचा आहे, की तुम्ही माह्यावर दया केली. मी तुमाले जात-पंचायतीत उभी करणार होती. लेकीचं रक्त मागणार होती. तुम्ही चिठ्ठी दाबून ठेवली न माहं सारं ऐकून घेतलं. हे मी कधी माफ करणार नाही.

आता दुसरं ऐका. मले लिहिताना तोंडाने बोलत लिहायची सवय आहे. अक्षर लावता लावता बोललं नाही तर हात चालत नाही. तुमाले जी दोन पत्रं लिहिली, ती मी चुलीपुढे बसून, बोलत बोलत लिहिली. पुष्पी भाकरी टाकून राह्यली होती. तिने सारं ऐकलं. "तुमच्याकडे जशी होती तशीच" हेही ऐकलं. पोतं घरी यायच्या आधीच तिले माहीत होतं की ते कशासाठी.

पंधरा-वीस दिवस ती त्या खोलीत निजली नाही. मले वाटायचं, गरमीने ओसरीवर पडते, गरवार बाईले गरम होते. एवढ्या थंडीत. मी अशी मूर्ख. बसून झोपायची, भिंतीले टेकून, तोंड दाराकडे. मागच्या गुरुवारी वारा सुटला, मी तिले म्हटलं, खोलीत जा, आता तिथेच राहायचं, दिवस भरत आले. तिने हात जोडले. म्हणाली, "आत्याबाई, मले गोठ्यात बाळंत होऊ द्या. बैलांजवळ ऊब असते. न गोठ्याले दार नाही."

झुंबरबाई, मी आजवर पुष्कळ बायांना शिव्या दिल्या, दोघींना मारलंही आहे. पण माह्याकडे अशा नजरेने कोणी पाह्यलं नव्हतं. मले जे पाह्यजे होतं ते मिळालं. तुमची लेक माह्या घरात मरणाच्या भेवात होती. ते मिळालं न तोंडात धरवत नव्हतं.

पोतं मी त्याच दिवशी उकंडा लोहाराकडे टाकलं. तो म्हणे, "काकू, पुन्हा पाह्यजे तर सांगा." मी म्हटलं, पुन्हा माह्या घराकडे कोळसा घेऊन आला तर भात्यात घालीन तुले. हसला. त्याले काय माहीत.

आता खोली कशी आहे ते लिहिते, कारण तुमाले माह्यावर भरोसा नाही न नसावाच. सान्यावर बाजूने फुटलेलं मडकं पालथं ठेवलं, दव पडत नाही न हवा जाते. भिंतीत खाली एक वीट काढली. दार हातभर उघडं राहते, आडवा बांबूचा तट्टा लावला, वारा अंगावर येत नाही. शेगडीत गोवऱ्या, त्या सकाळीच उन्हात वाळवलेल्या. पेटवायच्या अंगणात, धूर निघून निखारा पांढरा झाला की आत न्यायच्या, घटकाभर शेक द्यायचा, झोपायच्या आधी शेगडी बाहेर. ऊब धरून ठेवाले बाजेवर कडब्याचा जाड थर, वर घोंगडी, धनगराकडून दोन नवीन घेतल्या. पायाशी तापलेल्या विटा फडक्यात गुंडाळून. डोळ्याले, डोक्याले काही झालं, मळमळलं, तर पहिले दार, मग औषध. हे पुष्पीले मी दहादा म्हणवून घेतलं. तीही आता म्हणते, पहिले दार. काल पहिल्यांदा खोलीत निजली. भगवंता दाराबाहेर होता.

मी माफ केलं असं समजू नका. तुमाले शिक्षा आहे न ती मी ठरवली आहे.

तुम्ही इकडे यायचं. पुष्पी बाळंत झाली की बारा रात्री तुम्ही तिच्या दाराशी बसायचं. आत नाही, उंबऱ्यावर. पाचवीले सारं गाव जागते, त्याचं मले कौतुक नाही. सहावीले तुम्ही जागायचं. सातवीले जागायचं. वारा असो, दहिवर पडो, डोणीत काच धरो, डोळा मिटायचा नाही. दर प्रहराले आत जाऊन हाक मारायची. ती झोपली असेल तरी उठवायची, हूं म्हटलं की परत यायचं. गाल लाल दिसले म्हणून झोपू द्यायचं नाही. माह्या पोरीसाठी जे केलं नाही ते तुमच्या पोरीसाठी बारा रात्री करायचं, न रोज तुमाले आठवलं पाह्यजे की हे तेव्हाही करता आलं असतं.

तुमच्यासमोर मी बसेन. तुमचा डोळा लागला तर मी उठवीन, माहा लागला तर तुम्ही उठवा. शिक्षा माहीही आहे, पण ती मी मले दिली, तुम्ही द्यायची नाही.

उंबऱ्यावर गारठा फार आहे. पांघराले खुंटीवरची गोधडी देईन. दुसरी नाही. तीच दोघींनी घ्यायची. वास येते, तो येऊ द्या.

रुख्मीच्या लेकराले या थंडीत आणू नका. एवढ्या लांब, गाडीत, मोटारीत, त्याले गारठा बाधेल. हे या वेळी मी खरं म्हणते. जमीलापाशी राहू द्या, तिले माहा नमस्कार सांगा न सोबत तिच्या लेकराले एक कुंची धाडते ती द्या. थंडी मोडली की मी स्वतः येईन न त्याले पाहीन. त्याचं नाव काय ठेवलं ते तुम्ही मले अजून सांगितलं नाही.

तुमच्या धाब्याचं सानं उघडं आहे की पुन्हा बुजवलं तेही लिहा. बुजवलं असेल तर पंजाबरावाले आजच वर चढवा. त्याले सांगा, सासूने सांगितलं. मागच्या वेळीही तिनेच सांगितलं होतं.

पुष्पीचे दिवस जवळ आले. टपाल तीन दिवस जाते न तीन दिवस येते, मी मोजून ठेवलं आहे. मंगळवारी, पौष वद्य अकराले, मले उत्तर पाह्यजे. जहांगीरमियांच्या हाताने, तुमच्या तोंडाने. येते म्हणा, नाही तर येत नाही म्हणा. मंगळवारच्या पुढे मी एक दिवस थांबत नाही.

गोजरबाई